कचऱ्याखालची चार अंडी

मित्रांनो, मी टिबुकली. कुंडलच्या एका मळ्यातल्या तळ्यात राहते. लोक मला पाणबदक म्हणतात. म्हणोत बापडे! माझ्यासारखी बुडी कुठल्या गावठी बदकानं मारून दाखवावी. मूठभर अंग, शेपूट नावापुरती, विणीच्या दिवसांत मान तांबूस, चोचीच्या कोपऱ्यात पिवळसर ठिपका. पाय पार मागं, म्हणून जमिनीवर चार पावलांत तोंडावर पडते. हसायचं तर हसा.

घरटंही पाण्यावरच. कुजकी पानं, शेवाळ रचून लव्हाळ्याला अडकवलेलं, तरंगतं. अंडी पांढरीशुभ्र, पण उठताना मी त्यांच्यावर ओलं शेवाळ ओढते, त्यानं ती तपकिरी पडतात. कावळ्याला वाटतं, कचरा. यंदा माणसालाही तसंच वाटलं.

मळ्याच्या मालकीण चंदनबालाकाकींनी मळ्यातल्या गड्याला, कोंडीबाला, तळं साफ करायला लावलं. तो दाताळं घेऊन पाण्यात उतरला. मी अंडी झाकून बुडी मारली. लांब डोकं वर काढलं, तर माझं घर दाताळ्याला लटकत काठावर निघालेलं!

"काकी, अंडी हायती. नासल्याली दिसत्यात."

"शिवू नगंस! आमच्या मळ्यात अंडी? लांब फेक जा."

काकी जैन. अंड्याला त्यांचा हात कधी लागलेला नाही. त्या तळ्यावर आल्या होत्या जिवाणी सोडायला. पिण्याचं पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले बारीक जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात त्या अलगद परत सोडतात.

कोंडीबानं अंडी उचलली, अन् थबकला.

"आवं काकी, ऊन हायती! आत टकटक बी चाललीया. तुमी न दिसणारं जीव तांब्यातनं परत सोडता. आता ह्ये कुठं सोडू?"

 काकींनी तांब्या खाली ठेवून दोन्ही हात पुढं केले. "आण हिकडं."

कोंडीबानं घरटं लव्हाळ्यात परत अडकवलं. काकींनी एकेक अंडं स्वतः आत ठेवलं. तीन.

चौथं दाताळ्याखाली फुटलं होतं. त्याचं कुणी नाव काढलं नाही, म्हणून मी काढते. तिघं पट्टेरी पोरं आज माझ्या पाठीवर बसून हिंडतात, तरी काढते.

मित्रांनो, तळी जरूर साफ करा. पण आधी घटकाभर काठावर गप्प बसा, अन् कचऱ्यातून कोण उठून जातंय ते डोळे उघडे ठेवून बघा.