पाचव्या खिडकीखाली

नोरीनने बसचं मागचं आपत्कालीन दार लाथ मारून उघडलं. बर्फाळ वारा आत घुसला, पडदे छताला जाऊन भिडले. ती पलंगाकडे धावली, नवऱ्याच्या, व्हर्लच्या, काखांत हात घालून त्याला दारापर्यंत ओढत आणलं आणि त्याच्या गालावर एक सणसणीत लगावली.

"ऊठ! व्हर्ल, ऊठ म्हणते ना!"

त्याने डोळे किलकिले केले.

"दार लाव की. ऊब चालली सगळी," तो पुटपुटला, आणि तिथंच पायरीवर ओकला.

नोरीनने गॅसचं सिलिंडर बंद केलं. भिंतीवरचा हीटर फुरफुरत विझला. त्या शांततेत तिला एक बारीक आवाज ऐकू आला, चार वेळा टिवटिव आणि मग थोडी उसंत. तो भांडी घासायच्या बेसिनखालून येत होता. तिथे व्हर्लचा खाणीतला जेवणाचा पत्र्याचा डबा होता. तिने झाकण काढलं. आत मोज्यात गुंडाळलेलं, विषारी वायूची सूचना देणारं यंत्र होतं; त्याचा लाल डोळा मोज्यातूनही मिचकत होता.

"हे डब्यात काय करतंय?"

"पहाटेपासून किरकिर लावली होती त्यानं." व्हर्लने कपाळ दाबून धरलं. "खाणीत आम्ही हेच करायचो. मीटर बोंबलायला लागला की डब्यात. नाहीतर पाळी कधी संपायची?"

"जे वर आले त्यांचं सांगतोयस तू. जे आले नाहीत त्यांना विचार जाऊन."

त्याने डोळे मिटून डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं. एरवी त्याने उलट टोमणा मारला असता, म्हणून ती जास्तच घाबरली. आणि घाबरली म्हणून जास्तच चिडली.

कोलोरॅडोतल्या त्या गावात, दहा हजार फुटांवर, घरभाडं बर्फावर स्की खेळायला येणाऱ्या पाहुण्यांनी आभाळाला नेऊन भिडवलं होतं. शाळेने चौदा नंबरची बस लिलावात काढली तेव्हा नोरीनने ती घेतली. सव्वीस वर्षं तिनेच ती चालवली होती. आता शाळेची नवी बस ती चालवायची आणि या जुन्या बसमध्ये राहायची. सकाळची फेरी आटपून ती आली, तर नवरा असा.

दवाखान्यात व्हर्लच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला. दुपारपर्यंत ठेवू, डॉक्टर म्हणाले. नोरीन बसच्या भिंतीवरचा हीटर काढून, काखोटीला मारून थेट तो जिथून घेतला त्या दुकानात गेली आणि तो काउंटरवर आदळला.

"मरायला विकतोस का रे हे, अ‍ॅन्सेल?"

अ‍ॅन्सेल हा दुकानदार लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. त्याला आता टक्कल पडलं होतं, पण तिच्यासमोर तो अजूनही खांदे आवळून उभा राहायचा. त्याने जाळी काढली आणि आत वाकून पाहिलं.

"बाई, ही काडी कुणी वाकवली?"

अशा हीटरमधल्या छोट्या ज्योतीच्या टोकाशी एक तांब्याची काडी असते. खोलीतला प्राणवायू कमी झाला की ज्योत काडीपासून सुटते, काडी गार पडते आणि गॅस आपोआप तुटतो. इतक्या उंचीवर हवा मुळातच विरळ, म्हणून तो दर दहा मिनिटांनी तुटायचा. कुणीतरी पक्कडीने ती काडी वाकवून थेट जाळात घातली होती. आता ती गार पडणारच नव्हती.

"कुणी म्हणजे? माझ्या घरात पक्कड धरणारा एकच शहाणा आहे."

"मी त्यांना सांगितलं होतं, हा इथं चालायचा नाही. हा खालच्या गावांसाठी." अ‍ॅन्सेलने फळीखालून एक खोकं ओढलं. "हा दाखवला होता. राहण्याच्या जुन्या गाडीतून काढलेला, पण ठणठणीत. बाहेरची हवा घेतो, जळलेली बाहेर सोडतो. याला पन्नास डॉलर जास्त पडत होते, त्यांना चालत होते. ठरलंही होतं."

"मग?"

अ‍ॅन्सेल खोक्यावरची धूळ पुसू लागला. पुसून झाली तरी पुसत राहिला.

"दुसऱ्या दिवशी आले. म्हणाले, याला भिंतीत भोक पाडावं लागतं, आणि घरातून मनाई आहे."

मनाई नोरीनचीच होती. ऑक्टोबरमधलं ते भांडण दोन मिनिटांत संपलं होतं. पाचव्या खिडकीखालचा पत्रा तिने रंगवू दिला नव्हता, त्याच्यावर लाकूड ठोकू दिलं नव्हतं. त्यावर पोरांनी नखांनी, नाण्यांनी, कंपासांनी नावं कोरली होती, सव्वीस वर्षांची. इतरत्र कुठे खाली डिझेलची टाकी, कुठे चाकाचा उंचवटा. भोक पाडून हीटर बसवायला जागा तेवढीच. 'माझ्या बसला भोक पाडायचं नाही,' ती म्हणाली होती आणि पडदा ओढून टाकला होता.

"मीही नाव कोरलं होतं त्या खिडकीखाली," अ‍ॅन्सेल म्हणाला. "शिक्षा म्हणून आठवडाभर तुमच्या मागच्या सीटवर बसवलं होतंत मला."

"दे तो इकडे. आणि भोक पाडायचं पातं दे."

संध्याकाळी व्हर्ल घोंगडी पांघरून पलंगावर बसला होता. डब्यातलं यंत्र त्याच्या उशाशी भिंतीवर टांगलेलं होतं. नोरीनने पाचव्या खिडकीचा पडदा खेचला तो कड्यांसकट खाली आला. तिने पेन्सिल कानावरून काढली, गुडघे टेकले, आणि तशीच थांबली.

पत्र्यावर आधीच एक वर्तुळ होतं. फिकट पेन्सिलीचं, बाजूला व्हर्लच्या तिरक्या अक्षरांत मापं आणि ऑक्टोबरची तारीख. ते मधोमध नव्हतं, कशाच्याच सरळ रेषेत नव्हतं. वरच्या एका नावाखालून, डावीकडे कोरलेल्या बदामाला बगल देत, दोन मुलींच्या नावांच्या मधल्या जागेत ते बसवलेलं होतं. त्याच्या आत एकही अक्षर येत नव्हतं.

"हे मला दाखवलं का नाहीस?"

"तू पडदा ओढलास ना."

तिने ड्रिलला पातं लावलं, घट्ट केलं, पुन्हा सोडवून पुन्हा घट्ट केलं. टोक वर्तुळाच्या मध्यावर ठेवलं. ते पत्र्यावरून घसरलं.

"किती आवळशील ते," व्हर्ल म्हणाला. "राग गेला नाही वाटतं अजून."

"नाही गेला."

कुणावरचा, ते त्याने विचारलं नाही. घोंगडी सावरत तो उठला, खाली बसला आणि त्याने पत्रा दोन्ही तळव्यांनी दाबून धरला.