खांद्यासाठी आणलेला दिवा

आमच्या बाबांना कुठलीही गोष्ट सांगितली तशी करता येत नाही. तो दिवा यशपालच्या उजव्या खांद्यासाठी होता, हे हरिलालने त्यांना माझ्यादेखत बजावलं होतं. हरिलाल इस्पितळात रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. लॉंग माउंटन या आमच्या गावाहून रोज बसने यशपालला तिथे नेणं जमेना, म्हणून त्याने शेकाचा तांबडा दिवाच आमच्या घरी आणून ठेवला. या उजेडाने खांदा मोकळा होईल, यशपालने फेकलेला गोळा लांब जाईल, पण दिवा हातभर दूर ठेवायचा, असं तो म्हणाला होता.

यशपाल माझा धाकटा भाऊ. उसाच्या लॉरीवरून पडला आणि कमरेखाली दगड झाला. दोन वर्षं नुसता छताकडे बघत पडून होता. मग हरिलालने त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं, हातात लोखंडी गोळा दिला, आणि माझा भाऊ मला परत मिळाला. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. त्या रविवारी रोझ हिलच्या मैदानावर अपंग खेळाडूंची निवड होती. तिथे जिंकला असता तर परदेशी खेळायला गेला असता. दिव्याने खांदा खरंच सुटला होता. गोळा आता अंगणातल्या खुराड्यापलीकडे पडायचा आणि आई कोंबड्या हाकत त्याला शिव्या द्यायची.

शुक्रवारी मी कचेरीतून लवकर आले. दारातच केस जळल्यासारखा वास आला. मला वाटलं, आईने कोंबडी भाजायला घेतली. खोलीत गेले तर यशपाल पालथा पडून रेडिओ ऐकत होता. बाबा त्याच्या पायांशी गुडघे टेकून बसले होते आणि दिवा त्याच्या मांड्यांना जवळजवळ टेकवलेला.

"आयो! बाबा, काय करताय?"

बाबांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी आणि चेहरा हसरा. "चंद्रकला, पाय हलला! माज्या डोळ्यांनी बघितला. दिवा जवळ नेला का आणखी हलतो. बघ, बघ!"

आणि पाय खरोखरच हलला. घोटा झटकन उडाला. क्षणभर मीही हरखले, खोटं कशाला बोलू? मग दिव्याखालची कातडी दिसली. पांढरीफटक, फुगलेली, कडेने सोललेली. मी धावत जाऊन वायर ओढून काढली.

"काय झाला गं ताई?" यशपालने मान वळवून विचारलं. त्याला काहीच कळलं नव्हतं. रेडिओ चालूच होता.

निरोप मिळताच हरिलाल धावत आला. त्याने वाकून जखम तपासली. पाय बरे होत नव्हते, तो म्हणाला. भाजलं, टोचलं की असे पाय आपोआप उडतात. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला वेळ लागला, आणि तेच मला बघवेना.

आरती झाली की बाबा निरांजनावरची ऊब तळव्यांत घेऊन आधी यशपालच्या गुडघ्यांना लावायचे, मग स्वतःच्या डोळ्यांना. दुखऱ्या जागेला पहिला मान, ही आमच्या घरची रीत. दिव्याचंही त्यांनी तेच केलं, हे आता त्यांच्याच तोंडून कळलं. खांद्याचा शेक झाला की "पडून राहा, अंग निवू दे" म्हणायचे आणि दिवा गुपचूप खाली वळवायचे. धडधाकट खांद्याला एवढा उजेड आणि मेलेल्या पायांना काहीच नाही, हे त्यांना पटतच नव्हतं. मी संतापले. तोंडाला येईल ते बोलले.

"रविवारचा काय?" यशपालने विचारलं.

"नों, नाय यशपाल," हरिलाल म्हणाला. "बसायचा नाय. मांडीवर भार पडला तर जखम चिघळेल. महिने जातील."

"बसल्याशिवाय मी गोळा कसा फेकू?"

बाबांनी खाट घट्ट धरली. "पोरा, मला तुला उभा बघायचा होता रे. मैदानात, सगळ्यांसमोर."

यशपाल ओरडेल असं मला वाटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मी बसून फेकतो. तुमी एकदा तरी आलात काय बघायला?"

ते कधीच आले नव्हते. उसात काम आहे, असं सांगायचे.

"तुला खुर्चीत बसलेला बघवत नाय मला," बाबा म्हणाले.

यशपालने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मग आता तुमच्या मनासारखा झाला. आता मी बसणार पण नाय."