वणव्याच्या दुपारी बंद असलेले फाटक

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. जाफराबादच्या बाजूला काळविटांचे राखीव कुरण आहे, त्याच्या तोंडाशी मी उभे आहे. मित्रांनो, १९८३ साली जालन्यात मला जोडले, हिरवा रंग दिला आणि ट्रकात घालून इथे आणले. कुरणाभोवती उंच जाळी लागली.

तेव्हा इथे गवताची काडी नव्हती. वनरक्षक तातेराव मला कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवत. चार-पाच वर्षांत गवत गुडघ्याच्या वर गेले, काळविटांना पाडसे झाली. येणारे साहेब माझ्यावर थाप मारून कौतुक करत. मला गर्वच झाला म्हणा ना.

फक्त म्हस्कूला पाहिले की मी अस्वस्थ होई. पूर्वी तो इथेच मेंढ्या वळायचा. विहिरीत पडून त्याचे पाय गेले. तीनचाकी सायकलवर बसून तो माझ्या गजांतून आत बघत राही.

"तातेराव, एकडाव आत सोडा. नुसतं बघतो."

"हुकूम न्हाई, मामा," म्हणून तातेराव मान खाली घालत.

१९९१ च्या एप्रिलात भर दुपारी म्हस्कू एकदम ओरडला, "धूर! अगं पळ, कुरण जळून राह्यलं!"

त्याची बायको बायनाबाई बांधावर सरपण गोळा करत होती. ती आणि आणखी चार बाया ओली पोती घेऊन धावत आल्या. मी बंद! तातेराव जाफराबादला गेले होते आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती.

आत हरणी पाडसांसह जाळीवर आदळत होत्या, मागे फिरत होत्या. माझे गज तापू लागले. मला स्वतःहून उघडता येत नव्हते, मित्रांनो. ज्या कुलपाचा मला एवढा अभिमान, त्याचीच मला भीती वाटू लागली.

बायनाबाईने धोंडा उचलला.

"सरकारी कुलूप हाय गं, पोलिसांत देतील," एक बाई म्हणाली.

"देऊ दे. मंग बघू."

चौथ्या घावाला कुलूप तुटले. हरणे माझ्यामधून बाहेर उधळली आणि बाया आत शिरल्या. पोत्यांनी झोडपून त्यांनी अर्धे कुरण वाचवले. दोन पाडसे मात्र बाहेर आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या साहेबांनी विचारले, "कुलूप कोणी तोडले?"

"म्या," बायनाबाई म्हणाली.

तातेराव पुढे झाले. "साहेब, चुकी माझी. किल्ली घेऊन मी गेल्तो. ह्या बाया नसत्या तर काहीच राह्यलं नसतं."

साहेब तुटलेले कुलूप उचलून घेऊन गेले. आठ दिवस सारे पोलिसांच्या जीपची वाट बघत होते. मीही धास्तावले होते. नवव्या दिवशी जीप आली, पण तिच्यातून साहेबांनी पाठवलेले गवंडी उतरले. त्यांनी माझ्या शेजारी माणसांसाठी लहान दार केले, आत सपाट वाट केली. दाराची रुंदी म्हस्कूच्या सायकलवरून मोजली.

म्हस्कू आत गेला, तासभर बाभळीखाली बसला. परतताना डोळे पुसून म्हणाला, "चाळीस काळवीट मोजले. पळाल्याले समदे माघारी आलेत, बराबर हायेत."

आता २००४ साल आहे. लहान दार दिवसभर उघडे असते. शाळेच्या सहली येतात, काठी टेकत म्हाताऱ्या येतात. पण काहीजण त्याच दारातून मोटारसायकली आत घालून हरणांमागे लागतात. माझ्या बिजागऱ्या गंजल्या आहेत, शेजारी उभे असूनही मी त्यांना अडवू शकत नाही. गेल्या रविवारी एक गाभण हरणी तीनदा पाणवठ्यापर्यंत आली. तिन्ही वेळा हॉर्न वाजला. ती तहानलेलीच परत गेली.

मित्रांनो, हे कुरण सगळ्यांचे आहे, जरूर या. गाडी माझ्यापाशी ठेवा, चालत आत जा आणि पाणवठ्याजवळ जरा गप्प उभे राहा. तिला पाणी पिऊ द्या.