हरवलेल्या मुलीचं तोंड

लहान मुलांसाठी चित्रं काढायची तर आधी स्वतःचं मन लहान मुलासारखं निर्मळ असावं लागतं. हे वाक्य महांतेश सरांनी शिरूर कासारच्या आपल्या शाळेत, ड्रॉइंगच्या वर्गात, फळ्याच्या वर ऑइलपेंटने लिहिलं होतं. त्याच वर्गात ते मुलांना चिमटे काढत.

चिमटे रागाचे नसत. सर पुण्याच्या एका प्रकाशकासाठी बालपुस्तकांची चित्रं काढत, आणि समोर बघितल्याशिवाय काहीही काढायचं नाही हा त्यांचा बाणा होता. बैल काढायचा तर बाजारच्या दिवशी बैलासमोर जाऊन बसत. आनंदी मूल हवं असलं की गल्लीतल्या एखाद्या पोराला पेढा दाखवत, आणि चेहरा कागदावर उतरला की पेढा परत डब्यात ठेवत. घाबरलेलं मूल हवं असलं की खोलीला बाहेरून कडी लावून खिडकीतून बघत. चिमटा डाव्या हाताने काढत, कारण उजव्या हातात पेन्सिल असे. सरांच्या पुस्तकांतली मुलं किती जिवंत वाटतात, असं महाराष्ट्रभरचे पालक म्हणत.

बाजार खुला झाला त्याला चार-पाच वर्षं होत आली होती. पुण्यात परदेशी चित्रांची गुळगुळीत पुस्तकं मिळू लागली होती. प्रकाशक सुंदरराव यांनी दस्तगीरच्या एसटीडी बूथवर फोन करून सरांना फोनवर बोलावून घेतलं.

"महांतेश, नुसतं गोड आता चालत नाही," ते म्हणाले. "भावना पाहिजे. जत्रेत मुलगी हरवते, त्या पुस्तकात तिचं रडणं जमवा. जमलं तर पुढची सगळी मालिका तुमची. मग शिरूरला कशाला राहता? इकडेच या."

शिरूर सोडायचं म्हणून सर शिरूरला आल्या दिवसापासून तयारीत होते.

पण चिमट्याचं रडणं हरवल्याच्या कामी येईना. चिमटा घेतलेलं मूल चिमटा घेणाऱ्याकडे बघत रडतं. हरवलेल्या मुलाला बघायला कुणी नसतं. या संशोधनात किराणा दुकानदार कल्याणरावांच्या नातवाचा दंड निळा झाला. कल्याणराव दारात आले.

"मास्तर, चित्र कागदावर काढायचं असतंय. पोराच्या दंडावर कामून काढलं?"

तेव्हा सरांच्या ध्यानात आलं, की ज्याच्यासाठी दारात कुणी येणार नाही असं मूल पाहिजे. घरी भांडी घासायला दगडाबाई यायची. तिच्याबरोबर तिची नात मनकर्णा असायची, सात वर्षांची. तिचे आई-बाप दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जात, ते उन्हाळा लागल्यावर येत.

"तिला कशाला बसवता?" सरांच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या. "आई-बाप जवळ नाहीत लेकराचे."

"म्हणूनच," सर म्हणाले.

मनकर्णा रडेना. चिमटा काढला तर तिने त्या जागेकडे बघितलं आणि फ्रॉकची बाही खाली ओढली. पेढा दाखवून काढून घेतला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मला भूक न्हाई." कोंडली तर झोपून गेली.

"अगं, हिला रडायचं कुणी शिकवलंच नाही," सर उमाबाईंना वैतागून म्हणाले. सोमवारच्या गाडीने चित्र पुण्याला जायचं होतं.

रविवारी दुपारी त्यांनी कागद फळीला टाचला, मनकर्णाला खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "तुझ्या आई-बापाची गाडी उलटली. दस्तगीरच्या बूथवर फोन आला होता."

मनकर्णाने विचार केला. "कोनची गाडी?"

"ट्रक. दुसरी कुठली?"

"ते टायरगाडीवर हायेत. आमची बैलं हायेत की."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. पण अंगणात भांडी घासणाऱ्या दगडाबाईने कोणती गाडी हे विचारलं नाही. दर हंगामात कुठली ना कुठली गाडी उलटायची, आणि निरोप असाच यायचा, बूथवर, शिकलेल्या माणसाच्या तोंडून. तिच्या हातातलं पातेलं घरंगळत गेलं आणि ती राखेतच बसली.

सरांनी पेन्सिल उचलली आणि फळी अंगणाकडे फिरवली. मनकर्णा स्टुलावर नव्हतीच. ती आजीकडे पळाली होती.

आजवर आपण रडणं चुकीचं काढत आलो, हे सरांना तिथे कळलं. पाणी सगळ्यात शेवटी येतं. आधी तोंड आपला आकार विसरतं, मग हनुवटी. दगडाबाईकडे बघत ते भराभर काढत गेले.

"सर, फोन लावा की वो," दगडाबाई म्हणत होती. "कोन राह्यलं तेवडं तरी इचारा."

"रविवारी लाईन लागत नाही."

"अहो, सांगून टाका तिला," उमाबाई हळूच म्हणाल्या.

"डावा डोळा राहिलाय."

मनकर्णा आजीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "आज्जे, आपली टायरगाडी हाय. आपली न्हाई उलटली." म्हातारीला ऐकू येत नव्हतं.

सरांनी दगडाबाईचं तोंड सात वर्षांच्या चेहऱ्यावर बसवलं. सुरकुत्या खोडल्या, दात भरले, वर शाई फिरवली. चित्र अप्रतिम झालं, हे मान्य करावं लागतं. मग हात धुऊन, चपला घालून ते बूथवर गेले.

"कुनाला लावू, सर?" दस्तगीरने विचारलं.

"कुणाला नाही. जरा बसतो. घरी रडारड चालू आहे."

चहा पिऊन ते परत आले. "दगडाबाई, निरोप चुकीचा होता. दुसऱ्याच गावची गाडी. तुमची माणसं ठीक आहेत."

दगडाबाईने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "लई उपकार झाले, सर. देवावानी धावलात."

"सर खोटं बोलले," मनकर्णा म्हणाली. "गाडीच उलटली न्हाई."

दगडाबाईने राखेच्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. "सरांनी आपल्यापायी हेलपाटा घातला अन् तू त्यास्नी खोटं पाडतीस?"

तेव्हा मनकर्णा रडली. आवाज केला नाही. फ्रॉकचा काठ दातात धरला आणि कुणाकडेच न बघता उभी राहिली. सर बघत राहिले. हरवलेलं मूल असं रडतं हे त्यांना स्पष्ट दिसलं, आणि फळीवरचं चित्र एका म्हातारीचं आहे हेही. पण शाई वाळली होती.

"न्या तिला घरी," ते म्हणाले.

चित्र सोमवारी गेलं. दगडाबाईने हुरड्याच्या दिवसांत सरांना हुरडा आणून दिला. सुंदररावांनी फोनवर चित्राची तोंड भरून स्तुती केली, आणि मालिका पुण्यातल्या एका मुलाला दिली. तो सगळं कॉम्प्युटरवर काढायचा.

उन्हाळ्यात पुस्तक आलं. कागद महागल्यामुळे ते सोळा पानांत बसवलं होतं; रडण्याचं पान गळालं होतं. त्यात मुलगी पाचव्या पानावर हरवते आणि सहाव्या पानावर सापडते.