बोरीजवळचा एक फटका

मी जब्बार सुताराची काठी. गोल्फ नावाच्या साहेबी खेळातली. डोकं लोखंडाचं, विलायतेहून आलेलं. अंग मात्र इथल्या धामणाच्या लाकडाचं. घाई नसेल तर जरा बसा, मला भराभर सांगता येत नाही.

वाशीमबाहेरच्या माळावर तेव्हा साहेब लोक खेळत. एकानं रागाच्या भरात मला दगडावर आपटून मोडलं आणि जब्बारकडे दुरुस्तीला धाडलं. त्यानं नवा दांडा तासला, तेल पाजलं, आणि नीट बसला का हे बघायला एक चेंडू मारला. तो साहेबाच्याही पुढं गेला. साहेब हसला अन् मला त्याच्याकडेच ठेवून गेला. मग रंधा खाली ठेवला की जब्बार माळावर. साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणारा हरिसिंग म्हणायचा, "या काठीसंगच निका लावून घे ना बा. मेहरबीले मी समजावतो."

मेहरबी जब्बारची बायको. पोर एकच, चार वर्षांची ताजबी. पहिलं महायुद्ध संपता संपता तापाची साथ आली, तीत ती गेली. कबरस्तानात जागा पुरेना, म्हणून तिला माळाच्या कडेला, बोरीजवळ माती दिली. कच्ची कबर, उशाला एक दगड. दोन वर्षांनी साहेबांनी मैदान वाढवलं. दगड उचलले, बोर तोडली, सगळं सपाट केलं. कोणाला विचारलं नाही. जब्बार पावलं मोजून जागा शोधायचा, पण मोजणार कुठून? बोरच नव्हती. त्या कडेला तो चेंडू कधी जाऊ द्यायचा नाही.

पुढं दूरच्या लष्करी छावणीच्या क्लबातून एक साहेब आला. खेळ शिकवायला त्यांना पगारी माणूस हवा होता. "मला हरवलंस तर नोकरी तुझी," तो जब्बारला म्हणाला. जब्बारला ती हवीच होती. या गावात मेहरबीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटपर्यंत दोघं बरोबरीत. आणि वाऱ्यानं जब्बारचा चेंडू त्याच कडेला नेऊन टाकला.

चेंडू पडला तिथूनच मारायचा, उचलला तर डाव गेला. हरिसिंग जवळ येऊन हळूच म्हणाला, "सोडून दे जब्बार. नोकरी काय, दुसरी भेटन."

जब्बारनं डोळे गच्च मिटले आणि मला उचललं. हरिसिंगनं तोंड फिरवलं. माती उडाली. डाव जिंकला. उडालेली माती परत बसवायची रीत असते; जब्बारनं मागं वळूनही पाहिलं नाही.

घरी मेहरबीनं विचारलं, "तुमी तिथूनच मारलं ना?"

"मले जागा समजली नाही, मेहर."

"मले तरी कुठं समजते आता." त्यानंतर तिनं मला कधी हात लावला नाही.

छावणीत वीस वर्षं गेली. नाव झालं, चांदीचे पेले मिळाले. पण प्रत्येक फटक्याआधी तो मला तीनदा जमिनीला हलकेच टेकवायचा, ओठ पुटपुटायचे. साहेबांना वाटलं, हीच याची युक्ती. मग मैदानभर सगळे तीनदा टेकवू लागले. तो माफी मागतोय हे कुणाला कळलं नाही. कधी भर दुपारी मला वर नेता नेता थांबायचा. "कोन रडून राह्यलं?" मला विचारायचा. तिथं कोणी नसायचं.

आता मेहरबी नाही. तो म्हातारा होऊन वाशीमला परतलाय. मला मांडीवर घेऊन बसतो. काल म्हणाला, "सांग ना, तिच्यावरच पडला का घाव?"

मला ठाऊक आहे हो. लोखंडाला माती कळते. एकदा खोदलेली जमीन वर्षानुवर्षं भुसभुशीत राहते. त्या दिवशी माझ्याखाली कोरा मुरूम होता, कधी कुदळ न लागलेला. माझ्या कडेला त्याची खाच पडली आहे. पोर तिथं नव्हतीच. भीतीनं त्याच्या हाताला ते कळलं नाही, आणि मला तोंड नाही.

तुम्ही ऐकलंत, तेवढं त्याला जाऊन सांगा. दुपारचा तो ओट्यावरच असतो. जरा मोठ्यानं सांगा. त्याला आता कमी ऐकू येतं.