स्वच्छ टोपी

"घातली का हो अंडी?" रखवालदाराचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडण्याआधीच बायकोनं खाटेवरून विचारलं.

"घातली की," तो म्हणाला. "सगळा कातळ भरलाय. पाय ठेवायला जागा नाही."

तिनं समाधानानं मान हलवली. त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि पाय धुवायला मागच्या नळावर गेला. पाय धुऊन झाले तरी तो पाणी सोडून तिथेच उभा राहिला. जन्मभर त्याला धड एक थाप मारता आली नव्हती, आणि आता उतारवयात ती विद्या शिकायची पाळी आली होती.

किनाऱ्यासमोरच्या उघड्याबोडक्या बेटावर दर वर्षी सुरय नावाचे पांढरे समुद्रपक्षी अंडी घालायला उतरत. त्या हंगामात बेटावर कुणी फिरकू नये, अंडी पायाखाली येऊ नयेत, एवढं बघायचं त्याचं काम. नियमाला इतका पक्का, की स्वतःच्या बायकोलाही त्यानं हंगामात कधी तिकडे नेलं नाही. "एकदा पिल्लं बघायचीत हो," ती म्हणायची. "नियम म्हणजे नियम," तो म्हणायचा. "मग आज नियमालाच वाढते जेवायला," म्हणत ती ताट आपटायची.

त्याची भरपाई म्हणून तो तिला पक्ष्यांच्या गोष्टी सांगे. सुरयाचा नर चोचीत मासा धरून मादीसमोर उभा राहतो. रोज आणतो, रोज भरवतो. पोटभर मिळालं तरच तिच्या अंगात अंडं धरायची ताकद येते. ज्या वर्षी बारीक मासळी किनाऱ्याकडे येत नाही, त्या वर्षी नर रिकाम्या चोचीनं परततात आणि माद्या अंडी घालतच नाहीत. हे ऐकल्यापासून तिला थट्टेला विषयच मिळाला. संध्याकाळी तो आला की तिचा हात पुढे, "माझा मासा?" मग तो खिशातून काहीतरी काढायचा. कधी पेरू, कधी मूठभर शेंगा, नाहीतर बिस्किटांचा पुडा.

आता तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पोटातला आजार हाताबाहेर गेला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. ते कळल्यावर त्याच्या खात्याच्या साहेबांनी आपण होऊन परवानगी दिली, "पिल्लं निघाली की वहिनींना होडीतून घेऊन जा." तेवढ्या एका आशेवर ती तग धरून होती. आणि नेमकी याच वर्षी मासळी आली नव्हती. सुरय यायचे, बेटावर घिरट्या घालायचे आणि न उतरताच निघून जायचे. हे तिला सांगायचं कोणत्या तोंडानं? सांगितलं तर ती उमेदच सोडेल, या भीतीनं त्याचा जीव अर्धा झाला होता.

म्हणून सुरयांच्या वतीनं अंडी त्यानंच घातली. पुढे पिल्लंही त्यानंच काढली. त्यातलं एक लंगडं पिल्लू तर त्यानं इतकं रंगवून सांगितलं, की आईच्या सेवेला आलेली लेकही हसली.

"मग कधी नेताय मला?" बायकोनं विचारलं.

"समुद्र जरा शांत होऊ दे."

ती खुंटीकडे बघत होती. "अहो, टोपी किती स्वच्छ आहे तुमची."

त्याची नजरही खुंटीकडे गेली. बेटावर अंडी-पिल्लं असली की सुरय माणसाला जवळ येऊ देत नाहीत. डोक्यावर झेपावतात आणि वरून शिटतात. दर हंगामात ती टोपी नळाखाली घासायची आणि घासता घासता नवऱ्यासकट सगळ्या पक्षीजातीचा उद्धार करायची. एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

"मासळी नाही आली ना?" तिनं हळूच विचारलं.

तो खाटेच्या कडेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"वेडे आहात का हो," ती म्हणाली. "उपाशीपोटी कोण अंडी घालेल? त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष? तुमचाही नाही." थोडा दम खाऊन तिनं हात पुढे केला. "माझा मासा?"

खिशात पुडा होता. आणायची सवय सुटली नव्हती. त्यानं बिस्किटाचा तुकडा दुधात बुडवून तिच्या ओठांशी धरला. गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं तो गिळला. केवळ आपल्यासाठी गिळला, हे त्याला कळलं.

"छान होता," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ती गेली.

तो कामावर परतला, त्यानंतर एका सकाळी होडीवाला धावत आला. "काका, मासळी आली! पाणी नुसतं चमकतंय बघा!" दोघं होडीनं बेटाशी पोचले, तेव्हा तिथे सुरयांचा थवा उतरत होता. नर चोचीत मासे घेऊन येत होते, माद्या माना वर करून घेत होत्या. रखवालदार कातळाच्या कडेला उभा राहून बघत राहिला.

"आता आलात होय?" तो एकदम ओरडला. "आता?"

होडीवाल्यानं तोंड फिरवलं आणि उगाच दोर गुंडाळू लागला.

उशिरा का होईना, अंडी झाली. पिल्लं निघाली त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा लेक दारातच होती.

"बाबा, काय ही टोपी! आणा इकडे, धुऊन टाकते."

"नको."

"वास येतोय हो."

"येऊ दे."

खाट भिंतीशी तशीच होती, वरची गादी गुंडाळून ठेवलेली. त्यानं टोपी खुंटीला अडकवली. दोन पावलं मागे गेला, परत आला, आणि डागांची बाजू खाटेकडे येईल अशी ती फिरवून ठेवली.