मेट्रनबाईंचा गळका तलाव

गल्लीत सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं, आणि तो आवाजही. बत्तीस वर्षांत वॉर्डातले शेकडो पेशंट त्यांनी दटावून, गोंजारून, वेळप्रसंगी धडधडीत खोटं बोलून पलंगावरून उठवले होते. आता घरात एकच पेशंट होता आणि त्याच्यापुढे हात टेकायची वेळ आली होती.

अप्पांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. वॉकर धरून, उजवा पाय ओढत ते पलंगापासून खिडकीपर्यंत जात, पुढे नाही. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं, नंतर फार आशा नाही. रोज पाण्यात उभं करा, पाण्यात पायाला ओझं वाटत नाही. पण सार्वजनिक तलावाचं नाव काढताच अप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले. हा पाय चारचौघांना दाखवायचा नाही, एवढंच म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. घरामागे पोहण्याचा छोटा तलाव होता. मुलं लहान असताना बांधलेला, मग गळतो म्हणून आठ वर्षं कोरडा टाकलेला. तोच दुरुस्त करायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. हातात दोन महिने होते.

घोडं अडलं ते माणूस मिळण्यात. पहिला कंत्राटदार पांढरेशुभ्र बूट घालून आला. ते मळू नयेत म्हणून काठावरूनच फोटो काढले.

"सगळं फोडावं लागेल बाई. नवाच बांधू. चार महिने धरा."

"चार महिन्यांनी मी त्यात मासे पाळू का?" बाईंनी विचारलं आणि फाटक दाखवलं.

दुसरा आठवडाभर फोनवर "निघालोच" म्हणत राहिला. कुठून निघत होता आणि कुठे पोचत होता, त्याचं त्यालाच माहीत.

तिसरे आले ते एक वयस्कर मिस्त्री. कानाला पेन्सिल लावलेली. आल्याआल्या चपला काढल्या, कोरड्या तलावात उतरले आणि हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकत तासभर आवाज ऐकत बसले. बाईंना ते आवडलं. चांगला डॉक्टर छाती तपासतो तसं ते तपासत होते.

"भरा आता," वर येऊन मिस्त्री म्हणाले.

"अहो, गळतोय तो."

"म्हणून तर. भरल्याशिवाय कुठे गळतो ते कळणार कसं?"

त्यांची रीत साधी होती. तलाव भरायचा, भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खूण करायची. शेजारी पाण्याची बादली ठेवायची, तिच्यातही खूण. बादलीतलं उतरेल ते उन्हाने. तलावातलं त्याहून जास्त उतरलं तर ती गळती. मग पाणी अजिबात भरायचं नाही, उतरू द्यायचं. जिथे थांबेल त्याच उंचीवर भोक.

पहिल्या दिवशी बादली अर्धं बोट उतरली आणि तलाव चार बोटं. पण दुसऱ्या दिवशी पाणी जिथल्या तिथे. तिसऱ्या दिवशी तर कालच्यापेक्षा एक बोट वर. पातळी बघायला बाई रोज सकाळी काठावर गुडघे टेकत आणि उठताना कपाळाला आठ्या घेऊन उठत.

"चाळीस वर्षांत गळका तलाव आपोआप भरलेला बघितला नाही," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले.

"आता आलाच आहात तर बाथरूमचा नळही बघा. अंघोळीला बसलं की धार एकदम बारीक होते."

"किती वाजता?"

"साडेसहाला. दोनच दिवस झाले."

मिस्त्रींनी अंगणातल्या नळाकडे पाहिलं, त्याला लावलेल्या पाइपाकडे पाहिलं आणि मग अप्पांच्या खिडकीकडे. "ताई, उद्या अंघोळीच्या वेळी बाथरूमचा नळ नुसता सोडून ठेवा आणि बाहेर या," ते म्हणाले.

सकाळी बाथरूमचा नळ वाहता ठेवून बाई स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने वॉकरची टकटक ऐकू आली. अप्पा पूर्ण घर ओलांडून आले. अंगणाच्या दोन पायऱ्यांशी थांबले, वॉकर खाली टेकवला, मग आधी दुखरा पाय, मग चांगला. ही रीत बाईंनी त्यांना वीस वेळा सांगितली होती, ते भिंतीकडे तोंड करून असताना. धावत जाऊन बखोटीला धरावं असं बाईंच्या हातांना होत होतं. त्यांनी चौकट घट्ट धरून ठेवली.

अप्पांनी नळ सोडला आणि पाइप पाण्यात धरला.

"अहो."

अप्पा दचकले नाहीत. "उतरत होतं," ते म्हणाले.

"उतरायलाच हवंय. त्यावरून भोक सापडतं."

"मला कुणी सांगितलं? तू रोज गुडघे टेकून बघतेस आणि तुझं तोंड उतरतं, एवढंच खिडकीतून दिसतं. वाटलं, हा मिस्त्रीही जाईल. मग तू कंटाळशील. तलावाला, आणि मलाही."

रडू लपवायला बाईंना एकच उपाय माहीत होता, आवाज चढवायचा. "तुमच्यापायी माझे दोन दिवस फुकट गेले. उद्यापासून पाइपला हात लावायचा नाही. पण यायचं रोज. पातळी तुम्ही वाचायची, मी लिहिणार."

अप्पा आले. पाच दिवस पाणी उतरत गेलं आणि सहाव्या दिवशी तलावाच्या भिंतीत बसवलेल्या दिव्याच्या खालच्या कडेशी थांबलं. सातव्या दिवशी उतरलं ते बादलीइतकंच, अर्धं बोट. दिव्याची वायर जाते तिथला सिमेंटचा मसाला सुटला होता.

"अर्ध्या दिवसाचं काम," मिस्त्री म्हणाले. "फोडायचं काही नाही. पण अप्पा पाण्यात उतरणार तर पायऱ्यांना कठडा हवा. त्यांच्या हाताच्या उंचीचा. वॉकर धरून माप चुकेल."

बाईंच्या तोंडावर आलं होतं, अंदाजाने करा म्हणून. पण त्यांनी वॉकर उचलला आणि दोन हात लांब नेऊन ठेवला.

अप्पा उभे राहिले. मिस्त्रींनी टेप जमिनीपासून मनगटापर्यंत धरला, आकडा फळीवर लिहिला आणि पुन्हा टेप लावला. पुन्हा तोच आकडा आला. बाईंना तो लांबूनही वाचता येत होता. अप्पांचा उजवा पाय थरथरत होता, टाच मात्र जमिनीवर टेकलेली होती.

मिस्त्री टेप गुंडाळू लागले.

"अजून एकदा मोजा," अप्पा म्हणाले.